भुताला स्वतःचा चेहरा देणारा पेंटर

हलीमाबी तुंबडीवालीवर अन्याय झाला. कधी, तर मागच्या वर्षी, खुलताबादच्या उरुसातल्या पहिल्या शुक्रवारी, सकाळी साडेदहा वाजता. त्या वेळी मैदानाच्या फाटकाशेजारी एक फ्लेक्स बांधला गेला. फ्लेक्सवर एक म्हातारी होती. हातात दुखऱ्या अंगातलं रक्त ओढायचं तुंबडीचं शिंग, डोळे लाल, ओठांतून रक्त ओघळलेलं. खाली जाड अक्षरांत ओळ होती: ‘ही तुमचं रक्त पिते. हिला दारात उभी करू नका.’ हलीमाबीला जाऊन तेव्हा बरीच वर्षं झाली होती, त्यामुळं ती काही बोलू शकली नाही. फ्लेक्स आमच्या अंधश्रद्धाविरोधी संघटनेचा होता. ओळ माझी होती. दोऱ्याही मीच आवळल्या होत्या.

पत्रकं लिहून लिहून माझा हात असा झालाय की आधी गुन्हेगाराचं नाव उतरतं, मग बाकीचं. नाव लिहून झालं. बाकीचं म्हणजे हलीमाबीचा मुलगा. त्याला सगळे डॉक्टरपेंटर म्हणायचे. मी चाचा म्हणायचे.

चाचानं काढलेल्या प्रत्येक भुताला चाचाचाच चेहरा असायचा. मराठवाड्यातल्या जत्रांमध्ये जे भूतबंगले लागतात ना, मौत का कुआंच्या शेजारी, आत अंधार आणि बाहेर भलामोठा रंगवलेला पत्रा, ते पत्रे तो रंगवायचा. त्यातही त्याची खासियत डॉक्टर. पांढरा कोट घातलेला, हाताएवढं इंजेक्शन धरलेला, दात बाहेर आलेला डॉक्टर. कवटी हातात घेऊन हसणारा सर्जन. बरणीत जळवा घेऊन उभा असलेला टकला. नीट बघितलं तर सगळ्यांचं नाक एकच: मधून थोडं दबलेलं, टोकाला रुंद. भिवया एकच: डावी उजवीपेक्षा बोटभर वर. मी विचारलं तेव्हा म्हणाला, ‘‘दुसऱ्याचा चेहरा भुताला द्यायचा नाय बेटी. ज्याचा चेहरा त्याची इजाजत लागती. माझी इजाजत मला रोज मिळती.’’

आमची ओळख भांडणातून झाली. एका जत्रेत मी त्याच्या भूतबंगल्यासमोर उभी राहून पत्रकं वाटत होते. ‘भूत नसते’ असा मथळा होता. शिवाय माझा खास राग त्या इंजेक्शनवाल्या डॉक्टरवर होता, कारण तो बघितलेली पोरं लसीकरणाच्या दिवशी ज्वारीत जाऊन लपायची. शिडीवर एक हडकुळा माणूस डॉक्टरच्या दाताला पिवळी छटा देत होता. मी खालून त्याला ऐकू जाईल असं भाषण केलं. तो ब्रश तोंडात धरून खाली उतरला, एक पत्रक घेतलं, मथळा वाचला आणि शांतपणे म्हणाला, ‘‘भूत नसतं हे मला सांगती व्हय? मीच तर बनवतो.’’

लसीकरणाचं मात्र त्याला लागलं. पुढच्या आठवड्यात तो स्वतःहून फुलंब्रीकडच्या आमच्या गावात आला आणि आरोग्य उपकेंद्राच्या भिंतीवर एक हसरी सिस्टर रंगवून दिली. रंग त्याचाच. सिस्टरचा चेहरा अर्थातच त्याचा, मिशा वगळून. भिवई तेवढी वरच राहिली. गावातल्या बाया अजून म्हणतात, ही सिस्टर लस टोचायला उभी आहे की कुणाचा हिशोब चुकलाय म्हणून बघतेय. पण पोरं ज्वारीत जायची थांबली. त्या दिवशी भिंत रंगवताना त्यानं मला विचारलं, ‘‘तुमची गल्ली कोणती? वेशीच्या बाहेरची?’’ मी जरा ताठून ‘हो’ म्हणाले. आमच्या घराला हा प्रश्न नेहमी एकाच कारणासाठी विचारला जातो. तो फक्त हसला आणि म्हणाला, ‘‘कडुनिंब हाय का अजून तिथं?’’ कडुनिंब त्याला कसा माहीत, हे मी विचारलं नाही. मी तेव्हा कुणाला फारसं काही विचारत नसे. मी सांगत असे.

शहरात, उस्मानपुऱ्यात एका गॅरेजच्या मागं त्याची पत्र्याची शेड होती. टर्पेंटाइनचा वास, दोरीवर सुकणाऱ्या चिंध्या, एक पाय तुटलेला पंखा. मोर्चा संपला की मी तिथं जाऊन बसायचे. बशीतून चहा मिळायचा आणि ऐकायला डॉक्टरांचा इतिहास मिळायचा. त्याच्याकडं एक ट्रंक होती. तीत जुन्या मासिकांतून, रद्दीतल्या पुस्तकांतून, कॅलेंडरांवरून कापलेली चित्रं. जगातला प्रत्येक भीतिदायक वैद्य त्या ट्रंकेत होता. विलायतेतला प्लेगचा डॉक्टर होता, पक्ष्याच्या चोचीचा मुखवटा घातलेला. चोचीत सुगंधी पाला भरायचा म्हणे, वाईट हवा नाकात जाऊ नये म्हणून. चाचानं तो एकदा पत्र्यावर काढला, तर जत्रेतले लोक म्हणाले, हा गिधाड डॉक्टर, हा पेशंट मरायची वाट बघतो. चाचाला हे फार आवडलं. पुढच्या वेळी त्यानं चोचीखाली पंखही दिले.

रक्त काढणाऱ्यांचं त्याच्याकडं वेगळं पुडकं होतं, दोऱ्यानं बांधलेलं. खुर्चीत बसलेला गोरा साहेब, हात पुढं केलेला, खाली वाडगं धरलेला नोकर. मांडीवर जळवा लावून घेणारी एक जाडी बाई, कंटाळलेली. वस्तरा आणि पट्टी घेऊन उभा न्हावी. तो एकेक कागद माझ्यासमोर ठेवून सांगायचा: ताप आला की काढ रक्त, डोकं दुखलं की काढ रक्त, राग जास्त आला तरी काढ. विलायतेत न्हावी काढायचे आणि दुकानासमोर लाल-पांढऱ्या पट्ट्यांचा खांब लावायचे. राजांचे डॉक्टर काढायचे. आपल्याकडं हकीम काढायचे, वैद्य काढायचे, पोथ्यांत लिहून ठेवायचे. ‘‘समद्यांनी काढलं,’’ तो म्हणायचा. ‘‘पण तस्वीर बघ. हा खुर्चीवर. हा किताब घेऊन. हा टोपी घालून. आणि गावात फिरून काढणारी बाई कुठं हाय? तिची तस्वीरच नाय.’’ मी मान डोलवायची. मला वाटायचं, म्हातारा गप्पा मारतोय.

त्याची रक्त रंगवायची एक रीत होती. डब्यातला लाल रंग तो रक्तासाठी कधीच थेट वापरायचा नाही. आधी काळा घ्यायचा, त्यात तपकिरी, मग चमचाभर लाल. भूतबंगल्याचे मालक कटकट करायचे, की पेंटर, रक्त लांबून दिसत नाही, जरा भडक मार. तो ऐकायचा नाही. ‘‘लाल खून नाटकात असतो,’’ म्हणायचा. ‘‘ज्यानं निघताना बघितलंय, त्याला विचारा.’’ त्यानं कुठं बघितलं होतं हेही मी विचारलं नाही.

आता माझं काम. त्या वर्षी एका वाडीत एका बाईनं खांद्याला तुंबडी लावून घेतली आणि तो खांदा चिघळला. लावणारा होता मोटारसायकलवरून फिरणारा एक भोंदू, गळ्यात स्टेथोस्कोप अडकवलेला. बाई वाचली, हात अधू झाला. मी पेटले. भोंदू डॉक्टर, तुंबडी, झाडपाला, सगळ्यांविरुद्ध मोहीम काढायची ठरली आणि फ्लेक्ससाठी चित्र हवं म्हणून मी चाचाकडं गेले. त्यानं दोन दिवसांत काढलं: मोटारसायकलवर बसलेला पांढऱ्या कोटातला राक्षस, त्याच्याच चेहऱ्याचा. अगदी खरा गुन्हेगार. मी म्हटलं, हा नको. कोट बघून लोक दवाखान्यालाच घाबरतील. तुंबडीवाली म्हातारी काढा, शिंगवाली. लोकांना तीच ओळखीची आहे.

तो बराच वेळ ब्रश पुसत बसला. म्हणाला, ‘‘बाईवर माझा चेहरा बसत नाय.’’

मी म्हटलं, मग दुसरा कुणाचा तरी काढा.

‘‘कशी काढू? भूत?’’

मी म्हटलं, जशी असते तशी काढा. हे मी म्हणाले. मला लख्ख आठवतं.

त्याला पंधरा दिवस लागले. एवढा वेळ तो अख्ख्या भूतबंगल्यालाही घ्यायचा नाही. मी शेडवर जाऊन तगादा लावायची, तर त्याच्या समोर दाढीचा आरसा टेकवलेला असायचा आणि तो आरशात बघत डोक्यावर ओढणीसारखी चिंधी घ्यायचा. मी हसले होते. मग त्यानं हार्डबोर्ड दिला. चित्रात एक म्हातारी उकिडवी बसली होती, कडुनिंबाखाली. पुढ्यात एका माणसाची उघडी पाठ. पाठीवर शिंग. शिंगाच्या टोकाला तिनं तोंड लावलं होतं, गाल आत ओढलेले, डोळे मिटलेले, जसे बाई चूल फुंकताना मिटते. माणसाच्या पाठीवर दोन थेंब, काळसर. खाली बारीक अक्षरांत लिहिलं होतं: ‘काला निकला तो मेरा काम, लाल निकला तो डॉक्टर का.’

म्हातारीचं नाक मधून दबलेलं होतं. डावी भिवई वर होती. मी चार वर्षं ते नाक बघत होते.

चित्र चांगलं आहे पण लागत नाही, असं माझं मत झालं. पत्रक लागलं पाहिजे, हे मला शिकवलं गेलंय. छापखान्यात संगणकावर बसलेल्या मुलाला मी शेजारी उभं राहून सांगितलं: डोळे उघड, लाल कर. ओठांतून रक्त आण. अजून भडक. पाठवाला माणूस काढून टाक, गर्दी होतेय. खालची ओळ काप, तिथं संघटनेचं नाव बसव. चाचाला विचारायचं माझ्या मनातही आलं नाही. चित्र आता मोहिमेचं होतं.

तर तो शुक्रवार. उरूस नुकताच भरत होता, पाळण्यांचे सांगाडे उभे राहत होते, खाजा मिठाईची दुकानं ताडपत्री ओढत होती. चाचा आतल्या बाजूला भूतबंगल्याच्या शिडीवर होता. मी दोऱ्या आवळल्या आणि त्याला हाक मारली. मला शाबासकी हवी होती. तो आला, फ्लेक्ससमोर उभा राहिला. आधी त्यानं टर्पेंटाइनच्या चिंधीनं हात पुसले, एकेक बोट. मग म्हातारीच्या ओठांखालच्या लालवर अंगठा घासला. छापील रंग, तो काय पुसला जाणार. त्यानं अंगठा उलटा करून बघितला.

‘‘इत्ता लाल तो अम्मी ने कभी निकालाच नै,’’ तो म्हणाला.

मला कळायला वेळ लागला. कळलं तेव्हा मी काय केलं? वाद घातला. म्हणाले, मला काय माहीत तुमची आई आहे. आणि असली तरी तुंबडी चुकीचीच, लोकांचे हात जातात. तो म्हणाला, चुकीची असंल. त्याच्या आईला तेवढंच येत होतं. कातडीवर वस्तऱ्यानं बारीक फासण्या घालायच्या, शिंग ठेवायचं, टोकानं हवा ओढून भोक मेणानं बुजवायचं. रक्त तोंडात यायचंच नाही. काळं येतंय तोवर थांबायचं, लाल दिसलं की शिंग काढायचं आणि मोठ्या दवाखान्याचा रस्ता दाखवायचा. कित्येकांना तर ती हातही लावायची नाही, बैलगाडी जुंपायला लावायची. ‘‘तू बोली, जशी असती तशी काढा. म्या काढली.’’ मग म्हणाला, ‘‘फाडू नको. अम्मीचा फोटो नाय एक बी. माझ्या आरशातून काढली तिला. फाडू नको, उतरव.’’

आवाज चढवला असता तर मला सोपं गेलं असतं. आवाज चढवणाऱ्यांशी कसं बोलायचं हे मला येतं.

मी तो एक फ्लेक्स उतरवला. बाकीचे तसेच ठेवले. आता लिहिताना लाज वाटते, पण तेव्हा मी स्वतःला समजावलं की एका म्हाताऱ्याच्या भावनेपेक्षा मोहीम मोठी.

रविवारी गावी गेले. चौकात बसस्टँडजवळ आमचा फ्लेक्स होताच. माझी आत्या, जी फ्लेक्सकडं कधी मान वर करून बघत नाही, त्याच्याखाली उभी होती. मला बघून म्हणाली, ‘‘ही हलीमाबी हाय. हिच्या तोंडाला रगत कुणी फासलं?’’

मी विचारलं, तुला ही कुठं भेटली?

‘‘आगं, वैद्य व्हता गावात. आपल्या माणसाची नाडी बघायची तर मनगटावर रुमाल टाकायचा, वरून बघायचा. पाणी वरून वाढायचे. आन् ही बाई खुलताबादच्या डोंगरावरनं चालत यायची, आपल्या गल्लीतल्या निंबाखाली बसायची. तुझ्या आज्याच्या पाठीला शिंग लावून त्या शिंगाला तोंड लावायची. उघड्या पाठीला हात लावणारं दुसरं कोण व्हतं तवा, सांग की. संगं एक पोरगं असायचं. ते निंबाच्या खोडावर कोळशानं आमची तोंडं काढायचं. आधी इचारायचं, मावशी, काढू का.’’

आज्याच्या पाठीवरच्या त्या बारीक रेघा मी लहानपणी बोटानं मोजल्या होत्या. मला वाटायचं, मालकाच्या चाबकाच्या आहेत. तसं मी एका भाषणातही बोलले होते.

चौकातला तो फ्लेक्स मी त्याच दुपारी उतरवला आणि मग गावोगाव फिरले. ज्या वाड्यांत मी स्वतः दोऱ्या आवळल्या होत्या तिथं त्याच दोऱ्या सोडल्या. सरपंच विचारायचे, काय झालं, मोहीम संपली का? मी सांगायची, चित्र चुकलं. संघटनेत माझ्यावर बैठक झाली. झाली तर झाली. मी तिथं उभं राहून विचारलं, की शहरात एसी लावलेल्या दुकानांत ‘कपिंग’ म्हणून काचेचे पेले लावून पाठीवर तुंबडीचेच गोल डाग उठवतात, तिथं आपण फ्लेक्स का नाही लावला? तिथल्या बोर्डावर हसरी गोरी बाई असते. चेटकीण व्हायला पायी चालणारी म्हातारीच लागते का?

चाचाची छाती तोवर बिघडली होती. आयुष्यभराचं थिनर. दवाखान्यात मी जायची तेव्हा तो पहिला प्रश्न एकच विचारायचा: ‘‘किती उतरल्या?’’ मी गावांची नावं सांगायची. तो डोळे मिटून ऐकायचा, जसं काही प्रत्येक गावातून त्याची आई दमून परत येतेय. एकदा त्याच्या कॉटशेजारी पांढरा कोट घातलेला एक कोवळा डॉक्टर तपासणीसाठी रक्त घेत होता. दंडावरची पट्टी त्यानं दोनदा सोडून पुन्हा बांधली. चाचा म्हणाला, ‘‘डरो मत बेटे. काला हाय का लाल?’’

डॉक्टरनं नळी उजेडात धरली. ‘‘काळपटच असतं चाचा, शिरेतलं.’’

‘‘मग अम्मीचं काम हाय,’’ चाचा म्हणाला, आणि इतका हसला की खोकल्याची उबळ आली. तो डॉक्टर गेल्यावर मला म्हणाला, याचा चेहरा चांगला हाय, पण भुताला नाय द्यायचा.

त्याच आठवड्यात तो गेला. मूळ हार्डबोर्ड त्याच्या मुलीच्या घरी आहे, बाहेरच्या खोलीत, पाठवाल्या माणसासकट आणि खालच्या ओळीसकट. मी गेले की ती मला त्याच्यासमोर बसवते आणि पाणी देते. यंदाच्या जत्रांत भूतबंगल्यांना छापलेले फ्लेक्स लागलेत. रक्त भडक लाल आहे आणि डॉक्टरांचे चेहरे कुणाचेच नाहीत.

मी आजही पत्रकं लिहिते. तुंबडी लावू नका, दवाखान्यात जा, हे आजही लिहिते, कारण ते खरं आहे आणि हलीमाबीही तेच सांगत होती. फक्त आता चित्र काढण्याआधी मी विचारते, हा चेहरा कुणाचा, आणि त्याची इजाजत आहे का.

पण सगळे फ्लेक्स मला सापडलेले नाहीत. फ्लेक्स जुना झाला की काय होतं ते तुम्हाला ठाऊक आहे. तो कडब्याच्या गंजीवर जातो, गोठ्याच्या छपरावर जातो, भाजीच्या हातगाडीवर, ट्रॅक्टरच्या ट्रॉलीवर, न्हाणीच्या आडोशाला जातो. कुठंतरी उन्हात हलीमाबी अजून रक्त ओकत पडली आहे. तिच्या मुलाच्या जिवंतपणी मी तिला पूर्ण उतरवू शकले नाही.

म्हणून आता तुम्ही उठा. हे वाचून बाजूला ठेवाल आणि मग बघाल, तसं नको. आत्ता बाहेर जा, आपलं छप्पर बघा, शेजारच्याचं बघा. हातात शिंग, मधून दबलेलं नाक, वर गेलेली डावी भिवई दिसली तर ती हलीमाबी आहे. तिला खाली घ्या. फाडू नका. गुंडाळून उस्मानपुऱ्यात गॅरेजमागच्या बंद शेडच्या दाराशी ठेवून जा. मी रोज संध्याकाळी तिथं येते.